माळावरची बाळंतीण

कारखान्यात बाग करणं म्हणजे नेमकं काय काम, असं लोक विचारतात तेव्हा मी सांगते, फुकटचं गवत उपटायचं आणि विकतचं गवत लावायचं. लोक हसतात. पण मी विनोद करत नसते, माझी सगळी नोकरी या एका वाक्यात बसते. चाकणच्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल असलं गवत आपलं आपण उगवतं. त्याला कुणी पाणी घालत नाही की खत घालत नाही. उन्हाळ्यात ते वाळून पिवळं पडतं आणि पावसाळ्यात पुन्हा उठतं. ते आम्ही मुळासकट काढायचं, ट्रकने लाल माती आणून पसरायची आणि तिच्यावर गुंडाळ्या करून आलेलं लॉन अंथरायचं. दिवसातून दोनदा पाणी दिलं नाही तर हे लॉन लगेच मान टाकतं. कंपनीच्या भाषेत पहिल्याला ‘जंगल’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘ग्रीनरी’.

मी मूळची परभणीकडची. शेतकी शाळेची पदविका घेतली आणि लग्न करून निगडीला आले. नवरा आकुर्डीत नोकरीला होता. मी एका बाग-कंत्राटदाराकडे सुपरवायझर म्हणून लागले आणि महाळुंग्यापासून चाकणपर्यंत कंपन्यांच्या आवारांत उभं आयुष्य घालवलं. खासगी कंत्राटात रिटायरमेंट वगैरे लाड नसतात. माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मलाही द्यावा लागला.

साहेब लोक गिऱ्हाईक म्हणून वाईट नसतात, पण त्यांना झाडसुद्धा बटण दाबल्यावर चालणारं हवं असतं. एका ठिकाणी एचआरच्या मॅडमनी बोलावून सांगितलं, पार्किंगला सावली पाहिजे, पण गाड्यांवर पानं पडायला नकोत, फुलं नकोत, फळं तर नकोतच, आणि पक्षी बसणार नाहीत असं बघा. मी म्हटलं, ‘मॅडम, मग पत्र्याची शेड बांधा.’ त्यांनी खरंच बांधली आणि वर माझे आभार मानले. दुसऱ्या एका कंपनीत परदेशातून मोठे साहेब येणार म्हणून ऐन मे महिन्यात गेटपासून ऑफिसपर्यंत हिरवंगार करून हवं होतं. खाली नुसता मुरूम. हे जगणार नाही म्हणून मी परोपरीने सांगितलं. ‘जगायचं कशाला? बुधवारपर्यंत टिकलं की बास,’ असं उत्तर मिळालं. आम्ही मुरमावर लॉन अंथरलं आणि टँकरने भिजवत राहिलो. साहेब आले ते काळ्या काचेच्या गाडीत फोनवर बोलत आले आणि बोलतच आत गेले. आठवड्याने ते सगळं वाळून कोळ झालं, तेव्हा आम्हीच ते पोत्यात भरून फेकलं. अशा गोष्टींचं मला वाईट वाटायचं कधी बंद झालं ते आठवत नाही.

माझ्या हाताखाली बायकांची टोळी असायची. निम्म्या मराठवाड्यातून नवऱ्यांच्या मागे आलेल्या, निम्म्या इथल्याच जुन्या गावांतल्या. टोळीची म्होरकी हौसामावशी. साठीच्या पुढची, नऊवारी लुगडं, त्यावर कंपनीचं चमकणारं जॅकेट आणि पदरावरून घातलेलं पिवळं हेल्मेट, कारण गेटच्या आत हेल्मेटशिवाय खुरपंही हातात धरता येत नाही. तिच्या घरची जमीन कारखान्यांत गेली, पैसा आला आणि पोरांनी त्यातून खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या. मावशीला कामाची गरज नव्हती. ‘घरात बसू कुठं म्याडम? समद्या खोल्यांत भाडूत. मी जिन्याखाली पथारी टाकते,’ असं ती हसत हसत सांगायची.

त्या वर्षी तिची धाकटी लेक पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण खोली रिकामी नव्हती आणि भाडेकरूला उठवायला मुलगा तयार नव्हता. लेक देहूला सासरीच बाळंत झाली. मावशीने मला हे खुरपता खुरपता, मान वर न करता सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

ज्या कंपनीत पुढचं सगळं घडलं, तिचं नाव सांगत नाही. नाव सांगून उपयोगही नाही, कारण तिथल्या एकाही माणसाने वाईट हेतूने काही केलं नाही. कंपनीच्या मागे मोठा मोकळा प्लॉट होता, पुढेमागे कारखाना वाढवायचा म्हणून घेऊन ठेवलेला. कंपाउंडची भिंत अर्धवट, मधोमध मुरमाची टेकाडी, बाकी गुडघाभर गवत. थंडी सरत आली होती. एका सकाळी स्क्रॅप यार्डातल्या माणसाने त्या गवतात काहीतरी पळताना पाहिलं. त्याने पाहिलं तेव्हा ते कुत्र्याएवढं होतं. चहाच्या सुट्टीपर्यंत ते लांडग्याएवढं झालं आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये त्याचा बिबट्या झाला. जुन्नर-खेडकडे बिबटे खरोखरच फिरतात, तेव्हा लोकांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही. दुसऱ्या शिफ्टने यार्डात पाऊल टाकायला नकार दिला. सिक्युरिटीचे प्रमुख फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांनी गार्डांच्या हातात काठ्या देऊन त्यांना भिंतीलगत उभं केलं आणि मला बोलावून हुकूम सोडला की उद्याच्या उद्या सगळं गवत साफ झालं पाहिजे.

मी आणि हौसामावशी टेकाडीपर्यंत जाऊन आलो. भुसभुशीत मुरमात पावलं उमटली होती. एकेक पाऊल माझ्या अंगठ्याने झाकलं जाईल एवढंच. आमच्याकडे लहानपणी रानात मी ही पावलं पाहिली होती, आणि मावशीने तर पदर तोंडाला लावून हसायलाच सुरुवात केली. ‘सुभेदारांना म्हनावं, काठ्या ठिवा घरी. खोकड हाय त्ये,’ ती म्हणाली.

ज्यांनी खोकड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळं. कोल्हा गावठी कुत्र्याच्या अंगलोटाचा असतो, खोकड त्याच्या निम्मंही भरत नाही. घरच्या बोक्याहून जरा उंच आणि जरा लांब, बस्स. अंग राखाडी, पाय काटकुळे आणि तांबूस, तोंड निमुळतं, कान चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे. शेपूट मात्र बघत राहावी अशी, अंगाच्या निम्म्याहून लांब, झुपकेदार आणि टोकाला काळी कुळकुळीत. वजन दोन-तीन किलो. म्हणजे आपण वाण्याकडून आणतो त्या पाच किलोच्या आट्याच्या पिशवीहूनही हलकं. खातं काय, तर उंदीर, सरडे, टोळ, वाळवी, जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी, आणि बोरांच्या दिवसांत बोरं. शेळीच्या वाटेला जात नाही, गेलं तर शेळीच त्याला लाथ घालील. दाट झाडी त्याला मानवत नाही. त्याला उघडा माळ लागतो, लांबवर दिसलं पाहिजे, म्हणजे धोका दिसला की बिळात शिरता येतं. बिळाला तोंडं अनेक. जोडी करून राहतात, आणि पिल्लं झाली की नर-मादी दोघंही राबतात. एवढासा जीव, पण संसार अगदी चोख.

उन्हं उतरली तेव्हा सुभेदारांना मी भिंतीपाशी उभं केलं. थोड्या वेळाने टेकाडीवर आधी दोन कान आले, मग तोंड, मग अख्खं जनावर बाहेर येऊन आळस देत उभं राहिलं. त्याच्यामागून दुसरं आलं. सुभेदार बराच वेळ दुर्बिणीतून बघत होते. ‘हे?’ ते म्हणाले. ‘ह्याच्यासाठी मी अख्खी पलटण उभी केली?’ मग दुर्बीण खाली घेऊन म्हणाले, ‘मागचं पोटुशी दिसतंय.’ त्या दिवसापासून गवत कापायचा हुकूम मागे घेतला गेला आणि सुभेदार रोज गार्डांकडून त्या दोघांची खबर घेऊ लागले. मावशीने तर मादीला तेव्हाच ‘पोरगी’ म्हणायला सुरुवात केली.

खरी अडचण एप्रिलात उभी राहिली, आणि ती झाडांनी आणली. कंपन्यांना आवारात ठरावीक जागा झाडांखाली ठेवावी लागते. जूनमध्ये पर्यावरण दिन असतो, तेव्हा पाहुणे बोलावून, टोप्या घालून, फोटो काढून झाडं लावतात. त्यासाठी खड्डे उन्हाळ्यातच काढून तापू द्यायचे असतात, म्हणजे मातीतली कीड मरते. या वर्षी सगळी झाडं मागच्या मोकळ्या प्लॉटवर लावायची ठरलं, आणि खड्ड्यांच्या रांगा बरोबर टेकाडीवरून जात होत्या. माळ म्हणजे ओसाड जागा, तिथे झाड लावणं म्हणजे पुण्य, हे आपल्याकडे शेंबड्या पोरापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ असतं. झाडावर मीही पोट भरलंय, झाडांविरुद्ध मी बोलणार नाही. पण झाड लावलं की माळ जातो आणि माळ गेला की माळावरचं घर जातं, एवढं तरी समजून घ्यावं की नाही?

प्रशासन बघणारे काळे साहेब होते, त्यांच्याकडे गेले. भला माणूस. त्यांनी पहिलं विचारलं, ‘चावतं का?’ मी म्हटलं नाही. दुसरं विचारलं, ‘केवढं असतं?’

‘मांजरापेक्षा थोडं मोठं, साहेब.’

‘मग एवढ्याशा प्राण्याला जागा ती किती लागणार? जाईल की दुसरीकडे.’

‘दुसरीकडे कुठं?’ मी म्हटलं.

काळे साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. शेजारी दुसरी कंपनी, तिच्या पलीकडे गोदाम, मग कंटेनरच्या रांगा लागलेला रस्ता, आणि रस्त्यापलीकडे नव्या साइटवर चालू असलेला पोकलेन. ते पुन्हा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘टेकाडी आणि भोवतालची जागा सोडा. खड्डे बाकीच्या भागात घ्या. वरच्यांना मी सांगतो.’ इतक्या वर्षांत एखाद्या साहेबाने मला हवं ते गवत जागेवर ठेवू दिलं, असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं. मी बाहेर आले ती थेट टोळीकडे गेले आणि सगळ्या बायकांना चहा पाजला. जागेभोवती आम्ही बांबू रोवून दोरी बांधली.

आणि मग पिल्लं दिसली. कोवळ्या उन्हात बिळाच्या तोंडाशी चार मातकट गोळे एकमेकांच्या अंगावर पडत होते. नर टोळ की काय तोंडात धरून आला तसे सगळे त्याच्यावर तुटून पडले. मादी बाजूला पाय पसरून डोळे मिटून पडली होती. आमच्या सगळ्या बायका कामं टाकून बघत राहिल्या आणि मीही त्यांना हटकलं नाही.

हौसामावशीने पाचवी पुजायचं काढलं. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात, ती येऊन मुलाच्या कपाळी नशीब लिहून जाते असं मानतात. आता खोकडाची पिल्लं बिळात कधी जन्मली हे कुणाला ठाऊक? मावशीने पिल्लं दिसली तो पहिला दिवस धरला. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हेल्मेटं घातलेल्या सगळ्या बायका दोरीपाशी जमल्या. एक दगड मांडला, त्याला हळदकुंकू लावलं, दोन फुलं वाहिली. आणि मावशीने फडक्यातून एक वाडगा काढला. त्यात बाजरीची भाकरी दुधात कुस्करलेली होती, वर तुपाची धार. दोरी ओलांडून तिने तो बिळाजवळ नेऊन ठेवला.

‘मावशी, रानातल्या जनावराला आयतं घालू नये,’ मी म्हटलं. ‘त्यांचं ते बघतात.’

‘बाळंतीण हाय म्याडम,’ मावशी म्हणाली. ‘माज्या दारात बाळंत झाली. तिला उपाशी ठिवायची व्हय?’

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. पण रोज दुपारी वाडगा जायचा. कुणी अळीव आणले, कुणी शिरा. मादी बायकांदेखत बाहेर येत नसे, पण दुसऱ्या दिवशी वाडगा चाटूनपुसून लख्ख असायचा आणि मावशीचा चेहराही तसाच. हे बघून मशीनवरची पोरंही पुढे आली. कँटीनमध्ये रोज चपात्या, भात, हाडकं उरतात. ती बादलीने दोरीपाशी येऊन पडायला लागली. मी कँटीनवाल्याला सांगितलं, काळे साहेबांना सांगितलं, ‘खाऊ घालू नये’ अशी पाटी लावून घेतली. पाटीच्या पायथ्याशीच भात पडायचा. पुण्य करायला निघालेल्या माणसाला अडवणं मला तर कधी जमलेलं नाही.

भातामागून कुत्री आली. एमआयडीसीतल्या कुत्र्यांना काय, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर. अर्धवट भिंतीतून ती आत यायला लागली आणि तिथेच बसायला लागली. सुभेदारांचे गार्ड हुसकायचे, ती फिरून यायची. त्यांतल्या दोघांचे डोळे चिपडांनी बंद झाले होते आणि एक तर बसल्या जागी थरथरत असायचं. भटक्या कुत्र्याला काही ना काही झालेलंच असतं, त्यामुळे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. दुपारी वाडगा चाटून लख्ख कोण करत होतं, हे मला तेव्हा दिसलं.

मेच्या अखेरीस एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कँटीनकडून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले तर खोकडाची मादी भर दुपारी, भर उन्हात, माणसांच्या घोळक्यात उभी. पोरं मोबाइल काढून वाकली होती. ती कुणाला घाबरत नव्हती. एकाने बिस्किट पुढे केलं तर ती त्याच्या हाताशेजारून निघून गेली. ‘माणसाळली राव,’ असं जो तो म्हणत होता. काळे साहेब खाली आले, त्यांनीही फोटो काढला आणि वरच्या साहेबांना पाठवला. हौसामावशी गर्दीतून वाट काढत आली आणि मादीसमोर खाली बसली. दोघींत हातभर अंतर असेल. मावशीने वर बघून मला सांगितलं, ‘वळखाया लागली मला पोरगी.’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी तिच्या पोरगीचे डोळे बघितले. कडांना पिवळा चिकटा साचला होता. नाक वाहत होतं. जबडा उगाचच हलत होता, जणू ती काही चघळतेय, आणि मागचा एक पाय ओढत ती गोल गोल फिरत होती. लहानपणी आमच्या वस्तीवरचं एक कुत्रं असंच फिरत फिरत मेलं होतं.

वनखात्याला फोन केला. एक वनरक्षक मोटरसायकलवर आले. त्यांच्याकडे गावंच्या गावं असतात, तरी तासाभरात आले. त्यांनी लोकांना लांब केलं आणि मादीकडे, मग भिंतीपाशी लोळणाऱ्या कुत्र्यांकडे पाहिलं.

‘ही कुत्री इथं कधीपासून?’ त्यांनी विचारलं.

‘खाऊ पडायला लागला तेव्हापासून.’

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ‘कुत्र्यांचा डिस्टेंपर, साथीचा रोग आहे. मेंदूत गेलाय. मॅडम, ही माणसाळलेली नाही. हिला आता माणूस दिसतच नाहीये.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकाडीच्या पायथ्याशी मेलेली सापडली. पिल्लांपैकी दोन बिळाच्या तोंडाशी पडून होती, श्वास चालू होता. ती पेटीत घालून वनरक्षक घेऊन गेले. तिकडून चांगली बातमी काही आली नाही. उरलेली दोन बिळातून बाहेर आलीच नाहीत. नर तेवढा वाचला. संध्याकाळी तो तोंडात काहीतरी धरून टेकाडीवर आला, प्रत्येक बिळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि शेवटी ते तिथेच टाकून निघून गेला.

हौसामावशी दगडापाशी बसली होती. त्याच्यावरचं कुंकू अजून पुसलेलं नव्हतं. ‘म्याडम,’ ती म्हणाली, ‘माज्या भाकरीनं मेली का?’

‘नाही हो मावशी. भाकरीने कुणी मरतं का? कुत्र्यांचा रोग होता.’

‘मंग कुत्री कशाला आली?’

मावशी उठली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि घरी गेली. ती परत कामावर आली तेव्हा पाऊस सुरू होऊन खुरपणीचे दिवस आले होते.

टेकाडी सोडायचं आता काही कारण उरलं नव्हतं. काळे साहेबांनी हे मला फार हळू आवाजात सांगितलं. पोकलेनने ती सपाट केली, बिळं बुजवली, आणि पर्यावरण दिनाला पाहुण्यांनी तिथे कडुनिंब, करंज, बहावा लावले. त्यांतलं एकही झाड मेलं नाही. माझ्या हातचं झाड सहसा मरत नाही, याचा मला नोकरीभर अभिमान होता. त्या वर्षी मी रोज जाऊन बघायची, एखादं तरी वाळलंय का. सगळी तरारून आली होती.

पुढचा हिवाळा आला. मार्गशीर्षात कधीतरी, संध्याकाळी काम आवरून बायका खुरपी धूत असताना मागच्या प्लॉटवरून आवाज आला. खोकडाचं ओरडणं कुत्र्यासारखं नसतं. बारीक, तुटक तुटक, लागोपाठ चार-पाच वेळा ओरडायचं आणि थांबायचं. हे त्यांचे जोडी धरायचे दिवस. नर ओरडतो, मग तो कान देऊन थांबतो, आणि मादी कुठे असेल तर उत्तर देते. आमचा नर पुन्हा आला होता. रोपांच्या रांगांतून फिरत तो रोज संध्याकाळी ओरडायचा आणि थांबायचा.

त्याच्या आवाजाने हौसामावशीत जीव आला. ती मुद्दाम मागे रेंगाळायची. ‘करंल की दुसरी बायकू,’ म्हणायची. ‘बाप्या हाय, आन् वय तरी काय त्येचं. व्हय ना म्याडम, हाईत ना खोकडं अजून हिकडं?’

‘असतील की,’ मी म्हणायची. काय सांगणार? त्या पट्ट्यातल्या आवारांत माझंच तर लॉन होतं. कुठे गवत उरलंय आणि कुठे नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आवाज जाईल तिथवर सगळीकडे मी स्वतः हरळी बसवली होती, आणि त्याच्या पलीकडे रात्रंदिवस कंटेनर चालायचे. तो ओरडायचा आणि थांबायचा, आणि मी मनात म्हणायची, अरे बाबा, थांबू नको, उत्तर येणार नाही. एवढं निरुपयोगी मला उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या सकाळी निगडीहून कंपनीची बस नेहमीप्रमाणे चाकणकडे निघाली होती. आमच्या कंपनीकडे वळायच्या जरा अलीकडे रहदारी तुंबली. मी खिडकीशी होते. डांबरावर काहीतरी चपटं झालेलं पडलं होतं, पोत्याची चिंधी असावी असं. गाड्या त्याच्यावरून जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर वाऱ्याने त्याचं एक टोक उडत होतं. ते टोक काळं होतं. बसमधल्या कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी कुणाला कळलं असतं? मग बस पुढे सरकली.

त्या संध्याकाळी मागच्या प्लॉटवरून आवाज आला नाही. मावशी खुरपं धुऊन, पुसून, पिशवीत ठेवून बराच वेळ भिंतीपाशी उभी राहिली आणि मग घरी गेली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. जेवणाच्या सुट्टीत बायका रोपांच्या रांगांपाशी बसल्या, डोक्यापुरती सावली आता पडायला लागली होती. मावशी माझ्याशेजारी येऊन बसली. चेहरा खुललेला होता. ‘म्याडम, काल वरडलं न्हाई त्ये,’ ती म्हणाली. ‘म्या रातभर इचार केला. गावली असंल त्येला कुनीतरी. मंग कशाला वरडंल? गेलं असंल तिच्यासंगं.’

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

‘हो मावशी,’ मी म्हटलं. ‘गावली असेल.’

मावशीने डबा उघडला. तिने पहाटे उठून, जिन्याखालच्या चुलीवर गुळाच्या पोळ्या केल्या होत्या, टोळीतल्या प्रत्येकीला पुरतील इतक्या. तिने प्रत्येकीच्या हातावर पोळी ठेवली, तुपाचा गोळा ठेवला आणि सांगितलं, ‘पोरगीच्या नवऱ्याचं जमलं गं. तोंड गोड करा.’ मीही खाल्ली.